बाटलीत कोंडलेला वायू आणि दाजींचा मार्च एंड

गेल्या मे महिन्यात, भाचीच्या साखरपुड्यानंतर, आमच्या मुलुंडच्या घरात एका बाटलीनं ट्यूबलाइट फोडली. बाटली दिंडोरीहून आली होती, मावसबहिणीच्या सासरच्या बागेतली. भर दुपारी गाडीच्या डिकीतून कसारा घाट उतरली, सोसायटीच्या आवारात आणखी तासभर उन्हात राहिली, आणि वर आणल्याबरोबर मी हौसेनं तिची तार सोडली. पुढचं सगळं दोन सेकंदांत आटपलं. बूच वर गेलं, काचा खाली आल्या आणि अर्धी वाईन आत्याच्या पैठणीवर सांडली. आत्या म्हणाली, "अरे, ही वाईन आहे का गावठी बॉम्ब?"

रात्री दाजींना, म्हणजे त्या मावसबहिणीच्या नवऱ्याला, फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पाव्हणं, बाटली गार केली होती का?"

नव्हती केली. त्या एका प्रश्नात फसफसणाऱ्या वाईनचं निम्मं शास्त्र आहे, हे मला नंतर दिंडोरीला जाऊन आल्यावर कळलं. उरलेलं निम्मं पैशाचं आहे. ते फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

पहिला गैरसमज आधी काढून टाकू. नाक्यावरच्या गोटी सोड्यात वायू बाहेरून भरलेला असतो: पाणी आणि नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड, दाब दिला की झालं काम. काही स्वस्त फसफसत्या वाईनही अशाच करतात. पण चांगल्या स्पार्कलिंग वाईनमध्ये वायू कुणी घालत नाही. तो आतच तयार होतो आणि त्याला बाहेर पडू देत नाहीत, इतकंच.

तयार कोण करतं? यीस्ट. इडलीचं पीठ रात्रीत पातेल्याबाहेर येतं किंवा सकाळी गोड असलेली ताडी दुपारपर्यंत चढायला लागते, त्यामागे असलेच डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. यीस्ट साखर खातं, आणि साखरेचे दोन भाग होतात: अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. साधी वाईन करताना टाकीतून हा वायू निघून जाऊ देतात. वसईत नाताळासाठी घरी बरणीत वाईन घालणाऱ्यांना हे ठाऊक असतं, पहिले काही दिवस झाकण घट्ट लावायचं नाही.

फसफसणाऱ्या वाईनमध्ये हाच खेळ दोनदा खेळतात. आधी टाकीत साधी, आंबटसर, पांढरी वाईन करून घ्यायची. तिच्यात सगळी साखर संपलेली असते. मग ती बाटल्यांत भरताना प्रत्येक लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि थोडं ताजं यीस्ट घालायचं आणि बाटली पक्की बंद करायची. यीस्टला पुन्हा खाऊ मिळाला, पण या वेळी वायूला जायला वाट नाही. तो वाईनमध्येच विरघळून बसतो.

२४ ग्रॅम हा आकडा अंदाजपंचे नाही. लिटरमागे ४ ग्रॅम साखरेतून साधारण एक वातावरणाचा, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेइतका, दाब तयार होतो, म्हणून २४ ग्रॅमला सहा. पाऊण लिटरच्या बाटलीत ही साखर होते १८ ग्रॅम, म्हणजे चहाचे साडेचार चमचे. तेवढ्यातून जवळपास पाच लिटर वायू निघतो आणि तो पाऊण लिटरच्या बाटलीत मुकाट बसलेला असतो. गाडीच्या टायरमध्ये असते त्याच्या अडीच-तीन पट दाब काचेच्या भांड्यात धरून मी ट्यूबलाइटखाली उभा होतो.

आता दाजींचा प्रश्न. थंड द्रव वायूला धरून ठेवतो, गरम द्रव सोडून देतो. फ्रिजमधली कोल्ड्रिंकची बाटली गुपचूप उघडते आणि एसटीत तापलेली अंगावर येते, तसंच. सहा-आठ अंशांवर हा वायू वाईनमध्ये बऱ्यापैकी शांत असतो. डिकीत चाळीसच्या पुढे तापलेल्या बाटलीत तो बुचाखाली येऊन धक्के मारत असतो.

हा दाब सांभाळायला माणसाला बरीच वर्षं लागली. शॅम्पेन दों पेरिन्यों नावाच्या साधूनं शोधली, अशी एक लाडकी गोष्ट आहे. हा माणूस खरा. १६३८ ते १७१५ हा त्याचा काळ, आणि फ्रान्समधल्या ओव्हिलेरच्या मठात तो तळघराचं काम बघायचा. पण त्याचा बराचसा जीव हे बुडबुडे कसे टाळावेत यातच गेला. तिकडच्या थंडीत यीस्ट अर्ध्यावर झोपी जायचं, वसंतात जागं व्हायचं, आणि तळघरात बाटल्या फुटायच्या. मुद्दाम साखर घालून वाईन फसफसती करतात, ही गोष्ट तो जबाबदारी घ्यायच्याही आधी, १६६२ मध्ये, ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज वैद्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. इंग्लंडात कोळशाच्या भट्टीत केलेली काच जाड आणि मजबूत असायची, म्हणून त्यांच्या बाटल्या टिकायच्या. फ्रान्समध्ये मात्र पुढेही बराच काळ तळघरातली माणसं तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून कामाला जात. किती साखर घालावी याचा हिशोब १८३६ मध्ये फ्रान्स्वा नावाच्या एका औषधविक्रेत्यानं बसवला आणि मगच फुटाफुट आटोक्यात आली.

आणि एक बाई. बार्ब निकोल क्लिको. १८०५ मध्ये नवरा गेला तेव्हा ती २७ वर्षांची होती. तिनं धंदा बंद केला नाही, स्वतः चालवला. आजही त्या शॅम्पेनच्या नावात 'व्हव्ह' हा शब्द आहे, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ विधवा. हे आत्याला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाटलीवर लिहिलंय? सगळ्यांच्या समोर?" पैठणीचा राग तिथून पुढे जरा उतरला.

या बाईनं सोडवलेला प्रश्न गाळाचा होता. बाटलीत यीस्टनं काम केलं की ते मरतं आणि खाली साका बसतो. हलवलं की वाईन ताकासारखी गढूळ. बाटली उघडून गाळावी, तर सगळा वायू गेला. मग गाळ काढायचा कसा? १८१६ च्या सुमारास तिच्या तळघरात यावर तोडगा निघाला: फळीला भोकं पाडायची, त्यांत बाटल्या तोंडाकडून खोचायच्या, रोज थोड्या फिरवायच्या आणि हळूहळू उलट्या करत न्यायच्या. गाळ घसरत घसरत बुचाशी येऊन बसतो.

दाजींच्या शेडमध्ये हे डोळ्यांनी पाहिलं. गावच्या सुतारानं केलेल्या सागवानी फळ्या, उलट्या व्ही अक्षरासारख्या उभ्या, आणि त्यांत ओळीनं बाटल्यांचे बुडखे. प्रत्येक बुडख्यावर चुन्याचा पांढरा फराटा. तो कशाला, तर आज बाटली कुठवर फिरवली हे कळावं म्हणून. दाजी दोन्ही हातांनी दोन बाटल्या एकदम धरतात, मनगटाला हलका झटका, अष्टमांश वळसा, पुढची जोडी. खट-खट, खट-खट. महिना-सव्वा महिना हे चालतं, एकेक बाटली पंचवीसेक वेळा फिरते. मोठ्या कारखान्यांत हेच काम लोखंडी पिंजरे करतात, एका पिंजऱ्यात पाचशेच्या वर बाटल्या मावतात आणि आठवड्याभरात काम उरकतं. मी पिंजऱ्याचं विचारलं. दाजी म्हणाले, "पिंजरा घेतला तर त्याचा हप्ता फेडायला ट्रॅक्टर विकावा लागेल."

मग गळा गोठवायचा. उलटी बाटली, फक्त मान बुडेल इतकीच, शून्याच्या खूप खाली थंड केलेल्या द्रावणात ठेवतात. गाळाभोवती बर्फाची गोळी तयार होते. बाटली सरळ करून झाकण काढलं की आतलाच दाब ती गोळी बंदुकीसारखी बाहेर फेकतो. थोडी वाईन सांडते, ती भरून काढायला वाईन आणि साखरेचं मिश्रण घालतात, लगेच जाड बूच ठोकतात आणि वर तारेची टोपी बसवतात. मावसबहिणीचं काम या बुचाचं. मी चार बाटल्यांवर हात चालवून बघितला. तीन वाया घालवल्या, त्यानंतर मला चहा करायला पाठवण्यात आलं.

या शेवटच्या साखरेवरच लेबलवरचे शब्द ठरतात, आणि इथं दुकानात हमखास फसायला होतं. 'ब्रूट' म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. 'एक्स्ट्रा ब्रूट' सहापर्यंत. आणि 'एक्स्ट्रा ड्राय'? नावावरून वाटतं सगळ्यात कोरडी, पण ती ब्रूटपेक्षा गोड असते, १२ ते १७ ग्रॅम. 'डेमी सेक' तर चांगलीच गोड, ३२ ते ५०. ही नावं पडली तेव्हा लोक शॅम्पेन पाकासारखी गोड प्यायचे, त्या मानानं ही कोरडी. नावं तशीच राहिली.

पण मधला एक टप्पा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण खरी चव तिथं येते आणि दाजींची खरी अडचणही तिथंच आहे. साखर संपून यीस्ट मेल्यावर लगेच गाळ काढत नाहीत. बाटल्या आडव्या रचून अंधारात ठेवून देतात. मेलेलं यीस्ट हळूहळू विरघळतं आणि वाईनमध्ये पावाचा, भाजलेल्या शेंगदाण्याचा, बिस्किटाचा वास उतरतो. इराण्याच्या हॉटेलात सकाळी ब्रून मस्काची ताटली समोर आली की येतो, त्या घराण्यातला वास. ते व्हायला वेळ द्यावाच लागतो. शॅम्पेन प्रांतात साध्या बाटलीलाही किमान १५ महिने थांबायचा कायदा आहे, एकाच सालच्या द्राक्षांची म्हणून विकायची असेल तर तीन वर्षं. दाजी दोन वर्षं थांबतात.

आता बागेत जाऊ. दाजी आणि त्यांचा भाऊ, दोघांची मिळून बारा एकर द्राक्षं. दहा एकरांत खायची, थॉमसन जातीची. दोन एकरांत वाईनची, शेनिन ब्लां. नाशिकच्या हवेत वेल युरोपासारखी आपणहून हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. तिकडं शॅम्पेनमध्ये तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरात होते, आपल्याकडं थंडीत. ही थंडीच आपलं भांडवल. जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याची बातमी मुंबईचे पेपर कौतुकानं छापतात, तेव्हा त्या गार रात्रींमुळे मण्यांतला आंबटपणा टिकून असतो. फसफसणाऱ्या वाईनला हा आंबटपणा लागतोच, म्हणून तिची द्राक्षं साध्या वाईनच्या आधी, जरा कच्चट असतानाच तोडतात. साध्या वाईनला गोडी बावीस-चोवीस ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप) नेतात, हिला सतरा ते एकोणीसवरच कात्री लागते. पहाटे दवात तोडणी, आणि ऊन चढायच्या आत क्रेट शेडमध्ये. दाबायचंही हलक्या हातानं. शॅम्पेनचा नियम असा, की ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटरच रस घ्यायचा. आणखी पिळला तर साल आणि बियांचा तुरटपणा उतरतो. म्हणजे एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं.

आता हिशोब मांडा. खायच्या द्राक्षांचा व्यापारी जानेवारी-फेब्रुवारीत बागेत येतो, सौदा होतो, माल जातो, पैसे काही दिवसांत हातात. (व्यापारी पैसे बुडवून पळाला नाही तर. नाशिक जिल्ह्यात ही भीती घरोघरी आहे.) त्या पैशांतून सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं आणि नवं उचलायचं. गावचं सगळं चक्र या मार्च एंडवर फिरतं. आणि शेजारच्याच दोन एकरांतली द्राक्षं जानेवारीत तोडली, तर त्यांची बाटली विकायला निघते दोन-अडीच वर्षांनी. मधे दोन-तीन मार्च एंड येऊन जातात. पहिल्या सालच्या बाटल्या पडून, त्यांवर दुसऱ्या सालच्या, तोवर तिसऱ्यांची तोडणी तोंडावर. जाड काचेच्या बाटल्या, परदेशी बूच, तारेच्या टोप्या, शेड गार ठेवायचं वीजबिल, हे सगळं आगाऊ. बँकेच्या माणसाला अंधारात रचलेल्या चार हजार बाटल्या दाखवल्या तर तो म्हणतो, हा माल विकला का जात नाही? विकला जात नाही असं नाही हो, तो अजून झालेला नाही, हे त्याच्या फॉर्ममध्ये बसत नाही.

मोठ्यांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात ही वाट पहिल्यांदा नारायणगावच्या शातू इंडाज या वाईन कंपनीनं काढली. शामराव चौगुल्यांनी फ्रेंच तज्ज्ञांची मदत घेऊन ऐंशीच्या दशकात 'ओमर खय्याम' ही स्पार्कलिंग वाईन केली, ती परदेशातही गेली. मग १९९९ मध्ये राजीव सामंतांची सुला आली, २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, आणि २०१३ मध्ये फ्रान्सच्या मोएत हेनेसीनं नाशिक जिल्ह्यात केलेली शाँडन ही फसफसती वाईन बाजारात उतरवली. मोठ्या कंपनीकडं थांबायला पैसा असतो. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचं मंत्रिमंडळानं ठरवलं, तेव्हा दाजींच्या घरी आशा पालवली होती. राज्यभर विरोध झाला आणि ते तिथंच अडकलं. दारूबद्दलचा विरोध मला समजतो, आमच्या घरातही दोघं-तिघं पीत नाहीत. पण त्या गदारोळात छोट्या वाईनवाल्याचा आवाज कुठं ऐकू आला नाही, हेही खरं.

लवकर पैसे मिळवायचा एक मार्ग आहे. दुसऱ्यांदा आंबवणं बाटलीत न करता दाब सोसणाऱ्या मोठ्या बंद टाकीत करायचं, गाळून थंडच बाटल्यांत भरायचं. इटलीत मार्तिनोत्तीनं १८९५ मध्ये ही रीत काढली, पुढे १९०७ मध्ये शार्मा या फ्रेंच माणसानं ती सुधारली. इटलीची प्रोसेको अशीच होते. काही लोक तिला नाक मुरडतात, मला ते पटत नाही. टाकीतल्या वाईनमध्ये फळाचा ताजेपणा असतो, बाटलीतलीत पावाचा खमंगपणा. बर्फी आणि आंबाबर्फीत डावं-उजवं कसलं करायचं? फक्त दाब सोसणारी टाकी महाग असते, आणि ती भरायला दाजींकडं आहे त्याच्या कित्येक पट द्राक्षं लागतात. म्हणजे स्वस्त रीत मोठ्यालाच परवडते.

फ्रान्समध्येही छोट्या बागायतदाराचं दुखणं जुनंच आहे. तिथं हजारो कुटुंबं द्राक्षं पिकवतात, पण नाव होतं मोठ्या व्यापारी पेढ्यांचं. पेढ्या बाहेरून स्वस्त द्राक्षं आणायच्या म्हणून १९११ मध्ये शेतकऱ्यांनी तळघरं फोडली होती, दंगल झाली होती. आज शॅम्पेनच्या लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'आर एम' असेल, तर ती बाटली स्वतःची द्राक्षं पिकवून स्वतःच वाईन करणाऱ्या घरची. 'एन एम' असेल तर पेढीची. आणि शॅम्पेन हे नाव त्या प्रांताचंच. दाजी आपल्या बाटलीला शॅम्पेन म्हणू देत नाहीत, गावात कुणी म्हणालं तर दुरुस्त करतात.

ऑगस्टात त्यांनी दुसरी बाटली पाठवली, सोबत चिठ्ठी. त्याप्रमाणे केलं. चार तास फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही. तार सोडायला सहा अर्धे वळसे, आणि त्या क्षणापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बाटली तिरकी धरायची, बूच घट्ट पकडायचं आणि बूच नव्हे, बाटली फिरवायची. तळलेले बोंबील गरम होते. या वाईनचा आंबटपणा आणि बुडबुडे तोंडातलं तेल धुऊन नेतात, म्हणून बोंबलांशी, कोथिंबीर वडीशी तिचं छान जमतं. श्रीखंडाशी अजिबात नाही, गोडावर ती नुसती आंबट लागते.

बूच सुटलं. फुस्स. दमलेल्या माणसानं खुर्चीत बसताना सोडावा तेवढाच आवाज. वायू बाटलीतच राहिला होता.

आत्याचा चेहरा पडला. "हिच्यात गॅसच नाही वाटतं."

दोन ग्लास भरले. माझा साबणानं धुऊन रॅकवर वाळलेला, त्यात बुडबुडे जेमतेम. आत्यानं सवयीप्रमाणे तिचा ग्लास जुन्या सुती पंचानं आतून पुसला होता, तिच्या ग्लासात तळापासून मोत्यांच्या सरी निघाल्या. बुडबुड्याला जन्मायला हवेचा बारीकसा अडकलेला कण लागतो, आणि पंचाचा एखादा तंतू काचेला चिकटला की त्यात तो सापडतो. गुळगुळीत काचेवर तो सापडत नाही, वर साबणाचा अंश राहिला तर फेसही बसतो. मी हे सगळं तिला समजावून सांगू लागलो.

आत्यानं माझ्या ग्लासाकडं पाहिलं, मग स्वतःच्या. "तुला खालची मिळाली," ती म्हणाली, आणि बोंबील पुढं सरकवले.